लॅपटॉप तिकडचा, टॅब इकडचा

'ताई, नमस्कार. मी घरून मराठी टायपिंग आणि मुद्रितशोधनाची कामं घेते. दोन-तीन प्रकाशकांची पुस्तकं असतात, आणि पावसाळा लागला की दिवाळी अंक. टायपिंग इन्स्क्रिप्ट की-बोर्डवर, बटणांकडे न बघता. ह्यांची बदली स्टुटगार्टला झाली आहे, तीन वर्षांसाठी. मला काम सोडायचं नाही. माझा लॅपटॉप विंडोज १० चा, म्हातारा झालाय, नवा घ्यायचाच आहे. हे म्हणतात, "तिकडे गेल्यावर बघू, तोवर माझा ऑफिसचा आहेच." मुलगा म्हणतो, तिकडच्या लॅपटॉपवर बटणंसुद्धा जर्मन असतात, तुझं मराठी विसर. स्टेशनजवळचा दुकानदार म्हणतो, इथूनच न्या, मराठी टाकून देतो. सासूबाई पहिले तीन महिने आमच्याबरोबर येणार आहेत. त्यांना पेपर वाचायला आणि नातेवाइकांशी बोलायला काहीतरी हवंय, पण "सगळं मराठीत दिसलं पाहिजे" ही अट आहे. एका पुस्तकासाठी मला जुन्या फॉन्टचं सॉफ्टवेअरही लागतं, ते यूएसबीतल्या कुलपावर चालतं, म्हणजे पेन ड्राइव्हसारखी किल्ली खोचल्याशिवाय उघडत नाही. काय करू?'
– एक वाचक, पाचपाखाडी, ठाणे

तुमचा लॅपटॉप जर्मनीत घ्या. सासूबाईंचा टॅब ठाण्यातून न्या. आणि एक साधा यूएसबीचा की-बोर्ड बॅगेत टाका. उत्तर एवढंच आहे. पण मुलगा, दुकानदार आणि यजमान या तिघांचंही थोडं थोडं बरोबर असल्यामुळे कारणं सांगायला हवीत, नाहीतर विमानतळापर्यंत वाद चालेल.

मुलाचं आधी बघू. जर्मनीतल्या दुकानात मांडलेल्या लॅपटॉपवर जर्मन छापाचाच की-बोर्ड असतो, हे खरं. वाय आणि झेड यांच्या जागा एकमेकींशी बदललेल्या असतात. उजव्या हाताला ए, ओ आणि यू यांच्यावर दोन-दोन टिंबं दिलेली तीन जादा अक्षरं असतात. पण बटणावर काय छापलंय याच्याशी आतल्या यंत्राला काही देणंघेणं नसतं. बटण दाबलं की 'अमक्या जागेचं बटण दाबलं गेलं' एवढीच खबर आत जाते. त्या जागेवर कोणतं अक्षर उमटवायचं ते विंडोज ठरवतं, आणि विंडोजला ते आपण सांगतो. मराठी लेआउट, म्हणजे बटणांवरच्या अक्षरांची मराठी मांडणी, निवडला की 'क' पाचपाखाडीत जिथे येतो तिथेच स्टुटगार्टमध्येही येतो.

इन्स्क्रिप्टवाल्यांना याचा सगळ्यात जास्त फायदा. हा लेआउट केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये ठरवला, आणि तो इंग्रजी अक्षरांच्या उच्चारावर नाही, बोटांच्या जागांवर बेतलेला आहे: स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. मधल्या ओळीत उजव्या हाताखाली प, र, क, त, च, ट. जर्मन की-बोर्डवर त्यातला 'च' टिंबवाल्या ओवर येईल, 'ट' टिंबवाल्या एवर, वरच्या ओळीतला 'ड' टिंबवाल्या यूवर, आणि झेड छापलंय तिथे 'ब'. तुम्ही बघून टाइप करत नाही, त्यामुळे यातलं काही तुमच्या लक्षातही येणार नाही. 'maajhe' असं रोमन अक्षरांत लिहून मराठी उमटवणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांची नजर छापील अक्षराकडे असते, आणि तिथे वाय-झेडची अदलाबदल डोकं उठवते. तुमचा मुलगा याच पंथातला असावा, म्हणून तो इतका घाबरलाय.

दोन जागी मात्र तुमचंही बोट अडखळेल. पहिली जागा म्हणजे डावीकडची शिफ्ट. युरोपी छापात ती अर्ध्यावर कापलेली असते आणि उरलेल्या जागेत एक जादा बटण घुसवलेलं असतं. इंग्रजी लिहिणाऱ्याला याचा फारसा त्रास होत नाही. आपल्याला होतो, कारण ख, घ, छ, झ, ठ, ढ, थ, ध, फ, भ, शिवाय श आणि ळ, ही सगळी उजव्या हाताची अक्षरं शिफ्ट धरून येतात, म्हणजे डाव्या करंगळीला दर ओळीत तिकडे धावावं लागतं. धावलेली करंगळी त्या उपऱ्या बटणावर पडते आणि 'फळ' लिहायला जावं तर 'पल' होतं. दुसरी जागा म्हणजे अर्धचंद्राची मात्रा, डॉक्टर-कॉलेजमधली. भारतीय लॅपटॉपवर तिचं बटण एन्टरच्या वर असतं. जर्मन छापात एन्टर दोन ओळी उंच असतो आणि ते बटण खाली, मधल्या ओळीत एन्टरला खेटून येतं. याची सवय होते. पण दिवाळी अंकाच्या ऐन घाईत व्हायला नको.

म्हणून तो की-बोर्ड. ठाण्यात कुठल्याही कॉम्प्युटरच्या दुकानात मिळतो. साधा घ्या, नाहीतर मराठी डीटीपीवाले ज्याच्यावर जीव टाकतात तो टीव्हीएस गोल्ड घ्या. तो जड आहे आणि वाजतो. जर्मनीतल्या इमारतींत रात्री दहानंतर शांतता पाळायची पद्धत कडक असते, भिंती पातळ असतील तर साधाच बरा. देवनागरी अक्षरांचे स्टिकर मिळाले तर एक पाकीट सोबत ठेवा. तुम्हाला लागणार नाहीत, पण घरात दुसऱ्या कोणाला मराठी टाइप करायची हुक्की आली तर लागतील.

आता दुकानदार. 'मराठी टाकून देतो' हे वाक्य ऐकायला छान वाटतं, पण मराठी टायपिंग विंडोजमध्ये मुळातच असतं. ते सुरू करायला कोणाला काही द्यावं लागत नाही. विंडोजची खूण असलेलं बटण आणि आय एकदम दाबा, सेटिंग्ज उघडतं, मग ते जर्मनमध्ये असो की जपानीत. त्यात भाषेचा विभाग शोधून मराठी जोडायची. इन्स्क्रिप्ट त्याच्यासोबतच येतो, आणि २०१९ च्या मे महिन्यातल्या अपडेटपासून रोमन अक्षरांनी लिहिण्याचा फोनेटिक की-बोर्डही आहे.

दुकानदाराने सांगितली नाही ती गोष्ट वेगळीच आहे. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या घरगुती लॅपटॉपवर विंडोज सहसा 'होम सिंगल लँग्वेज' नावाचं असतं. नावात आहे तसंच: पडद्यावरचे मेनू आणि सूचना एकाच भाषेत. टायपिंगला कितीही भाषा जोडा, त्याला बंधन नाही. पण इंग्रजीत सुरू केलेलं मशीन पुढे मराठीत किंवा जर्मनमध्ये बदलायला गेलात की परवाना आडवा येतो, आणि वरच्या आवृत्तीसाठी पैसे मोजावे लागतात. जर्मनीतल्या दुकानातल्या लॅपटॉपवर साधं 'होम' असतं. त्यात पडद्याची भाषा हवी तेव्हा बदलता येते, आणि त्या यादीत मराठीही आहे. म्हणजे गंमत बघा, मेनू मराठीत बघायचे असतील तर ठाण्यापेक्षा स्टुटगार्टमधलं मशीन सोयीचं. इथे कोणाला लॅपटॉप घ्यायचाच असेल तर खोक्यावर किंवा दुकानदाराच्या यादीत 'सिंगल लँग्वेज' हे दोन शब्द आहेत का ते आधी बघावं.

मराठी विंडोजबद्दल फार मोठ्या अपेक्षा मात्र ठेवू नका. वरवरचं बरंच मराठीत येतं, पण थोडं खोल गेलात की खिडक्या इंग्रजीत उघडतात, कारण तो अनुवाद इंग्रजीच्या पायावर चढवलेला असतो. तुमच्या मशीनवर मी मेनू इंग्रजीच ठेवीन. तुम्ही इतकी वर्षं त्याच शब्दांनी काम केलंय, आणि काही बिघडलं तर ठाण्यातल्या माणसाला फोनवर सांगायला सोपं. मराठीचं काम फायलीत होतं, मेनूत नाही. फायरफॉक्स हा ब्राउझर आणि लिब्रेऑफिस हे लिखाणाचं सॉफ्टवेअर ही दोन्ही मराठी मेनूंसह मिळतात, हौस त्यांच्यावर भागवा.

जर्मनीत खोकं उघडल्यावर एक संध्याकाळ मांडामांडीला काढा. भाषा तीन जोडा: इंग्रजी (भारत), मराठी, जर्मन. विंडोजचं बटण आणि स्पेसबार दाबला की एकीवरून दुसरीवर जाता येतं. जर्मन काढून टाकू नका. मुलाच्या शाळेच्या पत्रांना आणि घरमालकाच्या मेलला उत्तरं तिच्यातच जाणार आहेत. घाईत टिंबवालं अक्षर सापडलं नाही तर त्याच्या जागी मूळ स्वरापुढे ई लिहिलेलं जर्मन माणसाला चालतं.

आणि पासवर्ड जपून ठेवा. सुरुवातीच्या पडद्यावर कुठला लेआउट चालू आहे ते कोपऱ्यात दोन-तीन अक्षरांत लिहिलेलं असतं. तिथे जर्मन असेल आणि तुमच्या पासवर्डात वाय, झेड किंवा ॲट द रेटचं चिन्ह असेल, तर पासवर्ड बरोबर असूनही मशीन आत घेणार नाही. आपल्या छापात ते चिन्ह शिफ्ट आणि दोनवर येतं, जर्मन छापात स्पेसबारच्या उजवीकडचं ऑल्ट धरून क्यूवर. परदेशात गेलेल्या कितीतरी जणांनी या एका कारणासाठी मशीन बिघडलं म्हणून दुकान गाठलंय.

बिलं एक्सेलमध्ये करत असाल तर आकड्यांची पद्धतसुद्धा 'इंग्रजी (भारत)' करून घ्या. जर्मनीत दशांशाला स्वल्पविराम असतो आणि हजाराला टिंब. जर्मन मांडणीतल्या एक्सेलमध्ये दीड लिहायला १.५ टाइप केलंत तर समोर १ मे ही तारीख येते. प्रति पान दरावर बिल करणाऱ्या बाईला हे परवडणारं नाही.

आता तुमच्या जुन्या फॉन्टचं सॉफ्टवेअर. सगळ्यात मोठी खबरदारी इथेच आहे, आणि तुम्ही ते पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलंय! हे सॉफ्टवेअर विंडोजवर चालतं आणि त्याच्या यूएसबीतल्या कुलपाला स्वतःचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला ते ओळखू देणारा छोटा प्रोग्राम, लागतो. २०२४ च्या जूनपासून बाजारात स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचे विंडोज लॅपटॉप मोठ्या प्रमाणात आले आहेत. बॅटरी खूप चालते, दुकानदार आग्रहाने दाखवतो. इंटेल-एएमडीसाठी लिहिलेला जुना ड्रायव्हर त्यांच्यावर चालत नाही, म्हणजे कुलूप ओळखलं जाणार नाही, म्हणजे ते पुस्तक तिथेच थांबलं. ॲपलच्या मॅकचंही तेच. तुम्ही इंटेल किंवा एएमडीचंच मशीन घ्या, दुकानातला माणूस काहीही म्हणो. निघण्यापूर्वी सॉफ्टवेअरच्या कंपनीला मेल करून दोन गोष्टी विचारा: विंडोज ११ वर आमची आवृत्ती चालते का, आणि कुलूप हरवलं तर परदेशात काय करायचं. ते कुलूप हातातल्या पर्समध्ये ठेवा, चेक-इन बॅगेत नको. आणि त्या प्रकाशकाला एकदा स्पष्ट विचारा, युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या अक्षरांच्या प्रमाण पद्धतीत, मजकूर दिला तर चालेल का. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे. बऱ्याचदा जुना फॉन्ट लागतो तो पुस्तकाला नाही, पानं लावणाऱ्याच्या सवयीला.

यजमानांचं एक म्हणणं मला पटलं आणि एक अजिबात नाही. तिकडे घेऊ, हे पटलं, आणि ते नुसतं विंडोजच्या परवान्यासाठी नाही. युरोपीय संघाच्या कायद्याने नव्या वस्तूच्या दोषाची जबाबदारी विक्रेत्यावर दोन वर्षं असते. जर्मनीत पहिल्या वर्षात दोष दिसला तर तो मुळातच नव्हता हे दुकानाने सिद्ध करायचं असतं, तुम्ही नाही. ऑनलाइन घेतलात तर मिळाल्यापासून १४ दिवसांत कारण न देता परत करता येतो. दुकानात जाऊन घेतलेल्या चांगल्या वस्तूला हा हक्क कायद्याने नाही, तिथे दुकानाच्या मर्जीवर. ठाण्यातून नेलेल्या लॅपटॉपची वॉरंटी तिकडे चालेल की नाही, हे कंपनीगणिक आणि मॉडेलगणिक बदलतं. चालली तरी की-बोर्ड बदलायची वेळ आली तर त्यांच्याकडे बसवायला जर्मनच असण्याची शक्यता जास्त. किमतीचा हिशोब करताना प्रत्येक युरोला रुपयाने गुणत बसू नका, तीन वर्षं पगार युरोतच येणार आहे. जर्मन बटणं नकोच असतील तर काही कंपन्या स्वतःच्या वेबसाइटवर की-बोर्डचा छाप निवडू देतात. ॲपल देतेच, पण तुमचं यूएसबीचं कुलूप आहे तोवर तो रस्ता बंद.

'माझा ऑफिसचा आहेच', हे मात्र त्यांनी मनातून काढून टाकावं. ऑफिसचा लॅपटॉप घरचा नसतो. त्यावर एखादा फॉन्ट टाकायलासुद्धा कंपनीची परवानगी लागते, यूएसबीचं कुलूप लावणं तर दूरच. शिवाय ते कामावर घेऊन जातील तेव्हा तुम्ही काय करायचं? तुमचं काम रोजचं आहे, त्याची साधनं तुमची स्वतःची हवीत. हे त्यांना माझ्या नावाने वाचून दाखवलंत तरी चालेल. नवा लॅपटॉप येईपर्यंत जुनाच सोबत न्या. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा आधार, म्हणजे सुरक्षेचे नेहमीचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबलाय, म्हणून त्यावर बँकेचे व्यवहार नकोत, पण टायपिंगला चालेल. चार्जरवरचे आकडे वाचा: १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर फक्त पिन बदलायची, ॲडॉप्टरपासून भिंतीपर्यंतची वायर तिकडे वेगळी मिळते.

कामाच्या पैशांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. जर्मनीत राहायला गेल्यावर भारतातून येणारी कमाईसुद्धा तिथल्या कर खात्याच्या नजरेत येते, आणि घरून स्वतंत्र काम करणाऱ्याला तिथे नोंद करावी लागते. यजमानांच्या कंपनीने कर सल्लागार दिलाच असेल तर पहिल्याच भेटीत तुमचा विषय काढा. तुमच्या व्हिशावर काम करता येतं का, तेही त्याच भेटीत.

आता सासूबाई. त्यांना लॅपटॉप नको, टॅब द्या, आणि तो अँड्रॉइडचा, ठाण्यातूनच. इथे मिळणाऱ्या टॅबवर भाषांच्या यादीत मराठी असते, आणि अँड्रॉइडचा मराठी अनुवाद विंडोजपेक्षा पुष्कळ पुरा आहे. युरोपात विकायला ठेवलेल्या टॅबवर कंपनी कोणत्या भाषा ठेवेल याचा भरवसा देता येत नाही. इथे दुकानातच सेटिंग्जमध्ये जाऊन यादी उघडायला सांगा. 'मराठी' हा शब्द देवनागरीतच लिहिलेला दिसेल. तो दिसल्याशिवाय पैसे देऊ नका. अक्षर मोठं करून घ्या, पेपरांची ॲप टाकून घ्या. टायपिंग त्यांच्या गळ्यात मारू नका. गूगलच्या की-बोर्डला २०१७ पासून मराठी बोललेलं कळतं. माइक दाबायचा आणि बोलायचं, चुका होतील तर नातवाने सुधारायच्या.

टॅब निघण्याच्या आदल्या दिवशी आणू नका. महिनाभर आधी आणा आणि घरीच वापरायला द्या. पहिल्या आठवड्यातले शंभर प्रश्न इथे शेजारीपाजारी मिळून सुटतील. तिकडे ते सगळे तुमच्याच वाट्याला येतील, ऐन सामान लावण्याच्या दिवसांत. बिल सोबत ठेवा. विमानाने जर्मनीत येणाऱ्याला ४३० युरोपर्यंतच्या वस्तूंवर कर नाही, आणि उघडलेला, वापरातला टॅब तसाही कोणाच्या डोळ्यावर येत नाही. तीन महिन्यांनी त्या परत येतील तेव्हा टॅब त्यांच्यासोबतच येऊ दे, स्टुटगार्टला ठेवून घेऊ नका. व्हिडिओ कॉल तेव्हाच खऱ्या अर्थाने सुरू होतील. तुम्ही परत याल तेव्हा लॅपटॉपची काळजी नको: अठरा वर्षांवरच्या प्रत्येक प्रवाशाला एक लॅपटॉप कस्टम ड्युटीशिवाय भारतात आणता येतो. यजमानांनीही तिकडे एखादा घेतला तर तो त्यांच्या नावावर, त्यांच्या बॅगेत.